विधिमंडळातून न्यायासनाकडे

न्यायासन आणि राजकारण यांच्यामध्ये एक अनुल्लंघनीय भिंत असावी, असे आपल्या सुशिक्षित समाजाचे सर्वसाधारण मत आहे. आणि ज्या व्यक्तीने काल मतदारांच्या दारोदार फिरून कौल मागितला, पक्षाच्या बैठकांत डावपेच लढविले, प्रतिपक्षाच्या सूचना बहुमताच्या जोरावर हाणून पाडल्या, तिनेच उद्या काळा झगा अंगावर चढवून निःपक्षपातीपणाची शपथ घ्यावी, ही कल्पना आपल्या मनाला सहसा पटत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ही वाट जुनी आणि चांगली रुळलेली होती. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा 1954 चा सुप्रसिद्ध निर्णय ज्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने दिला, त्यांपैकी पाच जणांनी पूर्वी निवडणूक जिंकून सार्वजनिक अधिकारपद भोगले होते: सरन्यायाधीश अर्ल वॉरन हे कॅलिफोर्नियाचे तीन वेळा निवडून आलेले गव्हर्नर, ह्यूगो ब्लॅक, हॅरोल्ड बर्टन व शर्मन मिंटन हे सिनेटचे माजी सभासद आणि स्टॅन्ली रीड हे केंटकी राज्याच्या विधिमंडळाचे माजी सभासद होते. या परंपरेतील शेवटचे आणि कदाचित सर्वांत बोधप्रद नाव म्हणजे ॲरिझोना राज्याच्या सिनेटमधून निघून वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्या सँड्रा डे ओकॉनर यांचे होय.

त्यांच्या प्रवासाचे मर्म कळण्यासाठी त्या देशातील न्यायव्यवस्थेची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे न्यायसंस्था एकसंध आहे: तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच उतरंड, आणि कायदा संसदेचा असो वा विधानसभेचा, त्याची अंमलबजावणी त्याच न्यायालयांकडे. अमेरिकेत दोन न्यायसंस्था शेजारी शेजारी नांदतात. प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ राज्यांत न्यायाधीशालाही उमेदवार होऊन लोकांचे मत मागावे लागते. दुसरी संस्था संघराज्याची, जिच्यातील न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्षाने सुचवायचे, सिनेटने त्याची जाहीर चौकशी करून त्यास संमती द्यायची, आणि ती एकदा मिळाली की तो न्यायाधीश तहहयात त्या पदावर राहायचा. महाभियोगावाचून त्याला काढता येत नाही आणि तो पदावर असेपर्यंत त्याचे वेतनही घटविता येत नाही. सँड्राबाईंच्या आयुष्याची विशेषता ही की, राज्याच्या शासनाची कार्यकारी, विधायक आणि न्यायिक ही तिन्ही अंगे त्यांनी आतून पाहिली आणि मगच त्या संघीय न्यायासनावर बसल्या.

त्यांचा जन्म टेक्ससमधील एल पासो येथे 26 मार्च 1930 रोजी झाला. बालपण मात्र गेले ते ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्या सरहद्दीवरील 'लेझी बी' नावाच्या गुरांच्या वाडीवर. त्यांच्या आजोबांनी 1880 मध्ये, म्हणजे ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळण्याच्या बत्तीस वर्षे आधी, ती वसविली. विस्तार दीड लाख एकरांहून अधिक, पण त्यांतली बहुतेक जमीन सरकारी, पट्ट्याने घेतलेली. पाऊस तुटपुंजा, शेजार कोसांवर, आणि सँड्रा सात वर्षांची होईपर्यंत घरात ना वीज होती ना नळाचे पाणी. एकदा गुराख्यांचे जेवण घेऊन निघालेल्या या मुलीच्या गाडीचे चाक वाटेत पंक्चर झाले. तिने एकटीने खटपट करून ते बदलले, परंतु पोहोचायला उशीर झाला, तेव्हा शाबासकीची अपेक्षा करणाऱ्या लेकीला वडिलांनी एवढेच सुनावले की, अडचण येणार हे धरून घरातून लवकर निघायला हवे होते. सबब ऐकून न घेणारी ही शिस्त त्यांच्या अंगी कायमची मुरली.

शिक्षणासाठी आजीकडे एल पासोला, तेथून सोळाव्या वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात, 1950 मध्ये अर्थशास्त्राची पदवी आणि 1952 मध्ये कायद्याची, असा त्यांचा विद्यार्थिदशेतील क्रम अत्यंत उज्ज्वल होता. पुढे सरन्यायाधीश झालेले विल्यम रेनक्विस्ट हे त्यांचे सहाध्यायी. परंतु वर्गातील अग्रस्थानी असलेल्या या पदवीधर तरुणीला वकिलांच्या एकाही बड्या पेढीने वकील म्हणून घेतले नाही; एका नामांकित पेढीने, टंकलेखन चांगले येत असेल तर चिटणिशीचे काम देऊ, असे सांगितले. तेव्हा कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ परगण्याच्या सरकारी वकिलाकडे त्यांनी स्वतःच प्रस्ताव ठेवला: तूर्त वेतन नको, स्वतंत्र खोली नको, कारकुनाच्या खोलीत एक मेज मिळाले तरी पुरे. अशा रीतीने विनावेतन उमेदवारी करून त्यांनी सरकारी नोकरीत पाऊल टाकले. खाजगी पेढ्यांचे दार बंद झाल्यामुळे ही बुद्धिमती सार्वजनिक सेवेच्या वाटेला लागली, आणि त्या पेढ्यांच्या पूर्वग्रहाचा एवढा तरी लाभ त्या देशाला झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे पती जॉन ओकॉनर यांच्या लष्करी नोकरीनिमित्त जर्मनीत काही वर्षे, 1957 पासून फीनिक्स शहरात वास्तव्य, एका भागीदाराबरोबर उपनगरातील छोटेसे वकिली दप्तर, तीन मुलांचे संगोपन, आणि 1965 पासून राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या खात्यात सहायक, असा हा काळ गेला. 1969 मध्ये राज्याच्या सिनेटमधील एक जागा रिकामी झाली आणि गव्हर्नर जॅक विल्यम्स यांनी तिच्यावर त्यांची नेमणूक केली. नंतरच्या दोन निवडणुका त्यांनी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवार म्हणून स्वबळावर जिंकल्या, आणि 1973 मध्ये तीस सभासदांच्या त्या सभागृहात त्या बहुमतातील पक्षाच्या नेत्या झाल्या. संयुक्त संस्थानांतील कोणत्याही राज्याच्या सिनेटमध्ये हे पद मिळविणारी ती पहिलीच स्त्री.

बहुमताच्या नेत्याचे काम बाहेरून दिसते तितके डामडौलाचे नसते. कोणते विधेयक कधी चर्चेला घ्यावे, कोणते समितीत मुरू द्यावे, कोणत्या सभासदाचे मत कोणत्या कलमाच्या दुरुस्तीने वळेल, आणि सत्र तहकूब होण्यापूर्वी अंदाजपत्रकाची वजाबाकी कशी जमवावी, याचा हिशेब त्याला अहोरात्र करावा लागतो. सँड्राबाई तो विलक्षण काटेकोरपणे करीत. एकदा केवळ एका स्वल्पविरामाखातर त्यांनी विधेयकाला दुरुस्तीसूचना मांडली, कारण तो नसल्याने कलमाचा अर्थ बदलत होता. स्त्रियांना दिवसातून आठ तासांहून अधिक काम करण्यास मनाई करणारा, म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली त्यांची मिळकत अडविणारा 1913 चा कायदा त्यांनी रद्द करविला. पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेची व्यवस्था एकट्या पतीच्या हाती ठेवणारी तरतूद बदलण्यातही त्यांचा वाटा होता. मद्यपी म्हणून ख्यात असलेल्या एका समितीच्या अध्यक्षाला त्यांनी त्याच्या वर्तनाबद्दल टोकले, तेव्हा तो उसळून म्हणाला की, तुम्ही पुरुष असता तर एक ठोसाच लगावला असता. त्यावर तुम्हीच पुरुष असता तर तो लगावू शकला असता, असे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. मात्र भांडण हा त्यांचा मार्ग नव्हता. कच्च्या मातीच्या विटांनी बांधलेल्या आपल्या घरी त्या दोन्ही पक्षांच्या सभासदांना जेवायला बोलावीत, स्वतः मेक्सिकन पद्धतीचे पदार्थ रांधून वाढीत, आणि सभागृहात अडलेल्या पुष्कळ गाठी त्या पंगतीत सुटत.

1974 च्या नोव्हेंबरात त्यांनी मॅरिकोपा परगण्याच्या सुपीरियर न्यायालयातील न्यायाधीशपदाची निवडणूक लढविली आणि जिंकली. त्याच दिवशी ॲरिझोनाच्या मतदारांनी एका घटनादुरुस्तीला संमती देऊन मोठ्या परगण्यांतील न्यायाधीशांची निवडणूकच संपुष्टात आणली: यापुढे एका आयोगाने पात्र व्यक्तींची यादी करावी, तीतून गव्हर्नरने नेमणूक करावी आणि मतदारांनी ठरावीक मुदतीनंतर केवळ 'राहू द्या' किंवा 'नको' असा कौल द्यावा, अशी ही नवी पद्धत होती. सिनेटमध्ये असताना या सुधारणेचा पुरस्कार सँड्राबाईंनीच केला होता. म्हणजे ज्या शिडीने त्या वर चढल्या तीच त्यांनी मागाहून येणाऱ्यांसाठी अनावश्यक ठरविली. 1978 मध्ये पक्षातील पुढाऱ्यांनी गव्हर्नरपदासाठी डेमॉक्रॅटिक पक्षाच्या ब्रूस बॅबिट यांच्याविरुद्ध उभे राहण्याचा त्यांना आग्रह केला, पण त्यांनी नकार दिला. आणि पुढल्याच वर्षी त्याच बॅबिट यांनी त्याच नव्या पद्धतीने राज्याच्या अपील न्यायालयात त्यांची नेमणूक केली.

रोनाल्ड रेगन यांनी 1980 च्या निवडणुकीत सर्वोच्च न्यायालयावर स्त्रीची नेमणूक करण्याचे वचन दिले होते. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट निवृत्त झाले, आणि 7 जुलै 1981 रोजी रेगन यांनी ओकॉनर यांचे नाव जाहीर केले. त्या वेळी त्या राज्याच्या मधल्या पायरीवरील न्यायालयात होत्या. संघीय न्यायालयात त्यांनी एक दिवसही न्यायदान केले नव्हते. त्यांना विरोध झाला तो मुख्यतः गर्भपातविरोधी संघटनांकडून, आणि त्यासाठी पुरावा शोधण्यात आला तो त्यांच्या निकालपत्रांत नव्हे, तर 1970 मध्ये राज्याच्या सिनेटच्या समितीत गर्भपातबंदी उठविण्याच्या विधेयकाला त्यांनी दिलेल्या मतात. निकालपत्रात कारणे लिहिलेली असतात, म्हणून त्याचे समर्थन करता येते. समितीतील मताच्या मागे कारणे असतात, पण ती दप्तरात नोंदली जात नाहीत. राजकारणातून न्यायासनाकडे जाणाऱ्याला ही किंमत मोजावीच लागते. तथापि दूरचित्रवाणीवर प्रथमच दाखविल्या गेलेल्या तीन दिवसांच्या चौकशीत त्यांनी आपले मत राखून, पण सभागृहाच्या रीतिरिवाजांशी परिचित व्यक्तीच्या सहजतेने उत्तरे दिली, आणि सिनेटने 99 विरुद्ध 0 अशा मतांनी संमती दिली. 25 सप्टेंबर 1981 रोजी त्यांचा शपथविधी झाला. त्यांच्या आधीचे 101 न्यायमूर्ती सर्वच्या सर्व पुरुष होते.

न्यायमूर्ती म्हणून त्यांनी चोवीस वर्षांहून अधिक काळ काम केले, आणि या काळातील त्यांच्या निकालपत्रांतून जुना विधिमंडळ सभासद जागोजागी डोकावतो. किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट राज्यांनी विशिष्ट प्रकारे न लावल्यास त्या कचऱ्याची मालकीच राज्यांच्या माथी मारणारी तरतूद संघीय काँग्रेसने केली होती. 1992 मध्ये 'न्यूयॉर्क विरुद्ध संयुक्त संस्थाने' या खटल्यात त्यांनी ती रद्द ठरविली. काँग्रेसला राज्यांना आमिष दाखविता येईल, स्वतः कायदा करता येईल, परंतु अमुक कायदा कराच असा हुकूम राज्याच्या विधिमंडळाला सोडता येणार नाही. कारण तसे झाले तर निर्णय एकाचा आणि मतदारांचा रोष दुसऱ्यावर, अशी अवस्था होऊन लोकशाहीतील जबाबदारीचा धागाच तुटतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. मतदारांच्या रोषाला कधी सामोरे जावे न लागलेल्या न्यायाधीशाला हा मुद्दा ग्रंथांत सापडला असता. सँड्राबाईंना तो अनुभवातून ठाऊक होता.

मतदारसंघांच्या सीमारेषांबाबतही हेच दिसते. सत्ताधारी पक्ष आपल्या सोयीने सीमा आखतो, ही तक्रार 1986 मध्ये इंडियानातून न्यायालयापुढे आली, तेव्हा बहुमताने अशा तक्रारी ऐकण्यास मुभा दिली. ओकॉनर यांनी मात्र, पक्षीय हिशेब हा त्या कामाचा अविभाज्य भाग असून न्यायालयाने त्यात पडू नये, असे स्वतंत्र मत लिहिले, आणि 33 वर्षांनी न्यायालयाने तीच भूमिका स्वीकारली. पण तीच सीमारेषा वंशाच्या आधारावर ओढली गेली, तेव्हा त्या गप्प राहिल्या नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातील सुमारे 160 मैल लांबीचा, काही ठिकाणी महामार्गाइतकाच अरुंद असलेला एक मतदारसंघ 1993 मध्ये त्यांच्या निकालपत्राने कठोर छाननीस पात्र ठरला. न्यायाधीशांच्या निवडणुकांविषयी 2002 मध्ये मिनेसोटाच्या खटल्यात त्यांनी जे लिहिले, तेही असेच स्वानुभवाचे होते: देणग्या आणि प्रचार यांमुळे न्यायाधीशाची निःपक्षपातीपणाची प्रतिमा मलिन होते, आणि ज्या राज्याने निवडणुकीची पद्धत पत्करली, त्याने हे संकट आपण होऊन ओढवून घेतले आहे.

त्यांच्या न्यायपद्धतीचे मर्म तडजोडीत होते. 1992 च्या पेनसिल्व्हेनियातील गर्भपातविषयक खटल्यात केनेडी आणि सूटर या दोन न्यायमूर्तींसह लिहिलेल्या निकालपत्रात त्यांनी स्त्रीचा मूळ हक्क राखला, राज्याला काही निर्बंध घालण्याची मोकळीक दिली, चोवीस तास थांबण्याची अट वैध ठरविली, पण पतीला कळविण्याची सक्ती रद्द केली. निर्बंधाने अवाजवी भार पडतो की नाही, ही त्यांची कसोटी होती. 2003 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातील प्रवेशात वंशाचा विचार अनेक घटकांपैकी एक म्हणून करण्यास त्यांनी अनुमती दिली आणि पंचवीस वर्षांनंतर त्याची गरज उरू नये, अशी अपेक्षा व्यक्त केली. 2004 मध्ये अफगाणिस्तानात पकडल्या गेलेल्या एका अमेरिकन नागरिकाच्या अर्जावर, युद्धकाळातही राष्ट्राध्यक्षाला कोरा धनादेश मिळत नाही आणि नागरिकाला निःपक्ष अधिकाऱ्यापुढे आपली बाजू मांडू दिली पाहिजे, असे त्यांनी बजावले. मात्र त्याला अटकेत ठेवण्याचा सरकारचा अधिकार त्याच वेळी मान्यही केला.

या पद्धतीचे टीकाकार थोडे नव्हते. त्यांचा आक्षेप असा की, तत्त्व सांगून त्यातून निर्णय काढण्याऐवजी ओकॉनर प्रत्येक प्रकरणात दोन पक्षांमधले अंतर मोजतात आणि मध्यावर खूण करतात; विधिमंडळात ही कला भूषणावह असली, तरी खालच्या न्यायालयांना ज्यावर विसंबून चालता येईल असा नियम तिच्यातून मिळत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. याहून गंभीर दोषारोप झाला तो डिसेंबर 2000 मध्ये, जेव्हा फ्लॉरिडातील मतांची फेरमोजणी थांबवून जॉर्ज बुश यांच्या विजयाचा मार्ग मोकळा करणाऱ्या पाच न्यायमूर्तींमध्ये त्या होत्या. जुनी पक्षनिष्ठा जागी झाली, असे पुष्कळांनी म्हटले. निवृत्तीनंतर, 2013 मध्ये, ते प्रकरण न्यायालयाने हाती घ्यायलाच नको होते की काय, अशी शंका त्यांनी स्वतःच बोलून दाखविली. राजकारणी न्यायाधीश झाला म्हणजे त्याच्या प्रत्येक वादग्रस्त मतावर जुन्या पक्षाची सावली दिसू लागते, मग ती असो वा नसो. आणि या सावलीचे भय हेच अशा नेमणुका टाळण्याचे सर्वांत सबळ कारण आहे.

परंतु दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. पतीच्या स्मृतिभ्रंशाच्या आजारामुळे त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि 31 जानेवारी 2006 रोजी पद सोडले. त्यांच्या जागी आलेले सॅम्युएल ॲलिटो हे आयुष्यभर सरकारी वकील आणि संघीय न्यायाधीश राहिलेले गृहस्थ. 1992 ची तडजोड 2022 मध्ये मोडीत काढणारे निकालपत्र याच ॲलिटो यांनी लिहिले, आणि मिशिगनच्या निर्णयाचा आधार 2023 च्या जूनमध्ये, पंचवीस वर्षांची मुदत सरण्यापूर्वीच, न्यायालयाने काढून घेतला. त्याच वर्षी 1 डिसेंबरला, वयाच्या 93 व्या वर्षी, सँड्राबाई फीनिक्स येथे निवर्तल्या. त्यांनी बांधलेल्या तडजोडी टिकल्या नाहीत, ही गोष्ट खरी. पण तडजोडी मोडल्यानंतर तेच प्रश्न पन्नास राज्यांच्या विधिमंडळांत पुन्हा उसळले, आणि तेथे त्यांची वासलात लावण्यासाठी लागणारे कौशल्य नेमके तेच आहे, ज्याबद्दल त्यांना दूषण दिले गेले.

आपल्याकडेही असे उदाहरण नाही असे नाही. 1957 मध्ये केरळच्या विधानसभेवर निवडून येऊन नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात काम केलेले व्ही. आर. कृष्ण अय्यर 1968 मध्ये त्या राज्याच्या उच्च न्यायालयात आणि 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले, आणि कैद्यांच्या व दरिद्री पक्षकारांच्या हक्कांविषयीचे त्यांचे निर्णय आजही आदराने उद्धृत केले जातात. मात्र अशी उदाहरणे विरळा. आपल्याकडे न्यायासनावरून राजकारणात उतरण्याचीच वाट अधिक परिचित आहे, आणि मुंबईचे मुख्य न्यायाधीश छगला पुढे केंद्रीय मंत्री झाले, ते याच वाटेने. दोन्ही दिशांमध्ये एक महत्त्वाचा भेद आहे. न्यायाधीशाला पुढे पदाची आशा असेल, तर तिचा परिणाम त्याच्या आजच्या निकालावर होण्याचा धोका असतो. उलट जो राजकारण सोडून तहहयात न्यायासनावर बसतो, त्याला मागे फिरून मिळविण्यासारखे काही उरलेले नसते.

निवृत्तीनंतर सँड्राबाईंनी आपली शक्ती वेचली ती शाळकरी मुलांना शासनसंस्थेचे कामकाज शिकविण्यात. 2009 मध्ये त्यांनी त्यासाठी 'आयसिव्हिक्स' ही संस्था काढली, कारण कायदा कसा होतो हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो का पाळावा हेही कळत नाही, अशी त्यांची धारणा होती. हीच कसोटी न्यायाधीशांनाही लावावयास हवी. आज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायमूर्तींपैकी एकानेही लोकांचे मत मागून कोणतेही पद मिळविलेले नाही. विधिमंडळांच्या कृतींवर अंतिम निर्णय देणाऱ्या त्या नऊ जणांत विधिमंडळात कधी बसलेले कोणीही नाही. न्यायाधीशाने राजकारणापासून दूर असावे, हे सर्वथैव योग्य आहे; पण राजकारणाविषयी अनभिज्ञ असणे ही त्याची पात्रता मानण्याचे काही कारण नाही.